तो हायकू माझा नाही

भाऊजींचा, म्हणजे माझी मैत्रीण सुजाता हिच्या मिस्टरांचा फोन आला तेव्हा मी एका हायकूच्या मधल्या ओळीशी झगडत बसले होते. दुपारची वेळ. "मंदाताई, सुजाता गेली," एवढंच ते म्हणाले. जेवली, जरा पडते म्हणाली, आणि उठलीच नाही... मी फोन ठेवला. आणि खरं सांगायचं तर रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं ते असं, की बघा, हिला मरणसुद्धा तीन ओळींचं आलं. जेवली, पडली, गेली. कुठे खोडाखोड नाही. इथे मी सकाळ-संध्याकाळ गोळ्यांच्या डब्या उघडतेय, आणि ही माझ्याहून ठणठणीत बाई कुणालाही तसदी न देता निघून गेली. मग मात्र रडले. पुष्कळ रडले.

हा लेख लिहायला दुसरंही एक कारण आहे. गेले काही आठवडे परभणीतल्या बऱ्याच लोकांच्या मोबाइलवर एक हायकू फिरतो आहे. खाली माझं नाव, शेजारी माझा फोटो, तोही कुठल्याशा हळदीकुंकवातला, डोळे अर्धे मिटलेला. तो हायकू माझा नाही, सुजाताचा आहे. हे मी फोनवर सांगितलं, बाजारात सांगितलं, सांगून सांगून तोंड दुखलं. कुणी ऐकेल तर शपथ. आता छापूनच आलं तर निदान चार लोक तरी विश्वास ठेवतील, या आशेनं लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी मुलींच्या एकाच शाळेत शिकवायचो. मी मराठी, ती गणित. मी कवयित्री, असं मी म्हणत नाही, शाळेतले सगळे म्हणायचे. गॅदरिंगच्या अंकात माझे हायकू, निरोप समारंभात माझे हायकू, गावच्या साहित्य मंडळाच्या कोजागरीला आटवलेल्या दुधाआधी माझे हायकू. सुजाता पहिल्या रांगेत बसायची आणि नेमक्या जागी मान हलवायची. एकदा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तिनं विचारलं, "मंदे, तुझ्या ह्या हायकूत नेमकं असतंय तरी काय?" मी सांगितलं, तीन ओळी, पाच अक्षरं, मग सात, मग पुन्हा पाच, आणि डोळ्यासमोरचा एक क्षण. ती एकदम खुलली. "अगं, म्हंजे ह्यात गणितच हाय की!" मी तिला बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायला शिकवलं. त्या दिवशी मी गप्प डबा खायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं.

पुढे कितीतरी वर्षं ती त्यावर काही बोलली नाही. दोघी पाठोपाठ रिटायर झालो. डॉक्टरांनी दोघींनाही रोज फिरायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही तिच्या स्कूटीवरून फिरायचो. ती पुढे, मी मागे पिशव्या सांभाळत. अशाच एका सकाळी भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत तिनं कचकन ब्रेक मारला. "मंदे, ती बघ, म्हैस उभी हाय." मला कुठे म्हैस दिसेना. गोदामाच्या भिंतीला ओल आली होती, काळपट, पसरट. कुणीतरी त्या ओलीच्या डागाला कोळशानं चार पाय, दोन शिंगं आणि शेपटी काढून दिली होती. खरंच म्हैस होती, चांगली दुभती. मी "छान आहे" म्हणून पुढे चल म्हणणार, तेवढ्यात सुजाताचा अंगठा पेरांवरून फिरला आणि ती म्हणाली,

ओल भिंतीची
कोणी पाय काढले
म्हैस झाली की

आणि स्कूटी पुढे काढली. वांगी घ्यायची होती.

माझं वांग्यांत लक्ष लागेना. मी मनातल्या मनात अक्षरं मोजत होते, कुठेतरी एखादं जास्त निघावं म्हणून. निघालं नाही. एका हायकूला मला कधीकधी महिना लागतो. शब्द उलटेपालटे करते, वाचून दाखवते, रुसते, फाडते. आणि ही बाई स्कूटीचं इंजिनसुद्धा बंद न करता हायकू करते, तोही माझ्याच नियमात बसवून! त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजपर्यंत थांबलेलं नाही. सुजाता गेली तरी थांबलेलं नाही.

त्यानंतर तिला भिंतींचा नादच लागला. आमच्या परभणीत बघण्यासारखं काय आहे, असं पाहुणे विचारतात आणि आम्हीही खांदे उडवतो. सुजाताला जागोजागी दिसायचं. जिंतूर रोडवरच्या गॅरेजच्या पत्र्यावर कुणी ट्रकच्या उरलेल्या रंगात कमळ काढलेलं, रसवंतीच्या ताडपत्रीवर उसाला टेकून झोपलेला बैल, विहाराच्या कुंपणावर पोरींनी रंगवलेली पिंपळाची पानं, एकेका पानाचा हिरवा वेगळा. स्टेशनजवळच्या एका भिंतीवर पोरांनी कोळशाचे स्टंप काढले होते, तिथेही थांबली.

तीन रेघोट्या
भिंत बाद होईना
मुलं दमली

मी म्हणायचे, "अगं, लिहून ठेव." ती म्हणायची, "भिंत हाय की तिथं. मी कशाला ठिवू?" फोटोही काढायची नाही. भिंतीपुढे उभं राहून एकदा म्हणायचं आणि तिथंच सोडून यायचं, हा तिचा रिवाज. घरी भाऊजींनाही ऐकवायची नाही. "घरी नेला की शिळा होतोय," म्हणायची. पुन्हा म्हण म्हटलं तर खरंच तिला आठवायचा नाही. आठवायचा मला. माझे स्वतःचे हायकू मला आजही वही बघून वाचावे लागतात, तिचा मात्र एकूण एक हायकू पाठ आहे. पाठ करायला बसले नव्हते. ते आपोआप टोचून राहिले.

मोठ्या बाजारात एका टेलरच्या शटरवर सूटबूट घातलेला रुबाबदार साहेब रंगवलेला होता. तो बघायचा तर दुकान उघडायच्या आत जावं लागायचं, म्हणून आम्ही चहा न घेता निघालो. पोचलो तेव्हा टेलर कुलूप काढतच होता. सुजातानं त्याला हात केला, "दोन मिनटं थांबा हो मामा, साहेबांना बघू द्या." टेलर हसला, थांबला. मग आमच्या देखत साहेब डोक्यापासून वर वर गुंडाळत गेला, टायपर्यंत गेला, आणि बुटांसकट नाहीसा झाला.

दुकान खुलं
शटरचा साहेब
गुंडाळलेला

टेलरनं कुलूप-किल्ली खाली ठेवून दाद दिली. "क्या बात है, बाई!" माझा हायकू ऐकून आजवर कुणी हातातलं काम खाली ठेवलेलं नाही.

मग मी ठरवलं की पुढची भिंत मी शोधायची. एकटीच रिक्षानं, नाही तर पायी, गल्ल्या पालथ्या घालू लागले. आणि एके दिवशी पाण्याच्या टाकीच्या मागे मला बगळा सापडला. काय बगळा होता! पांढराशुभ्र, एका पायावर उभा, खाली दोन निळ्या रेघांचं पाणी. मी घरी येऊन त्यावर हायकू करायला घेतला. आठवडा गेला, पण झाला. हा आपण तिथे जाऊन सहज सुचल्यासारखा म्हणायचा, असं ठरवून मी सुजाताला घेऊन गेले. तर तिथे काय? भिंत नव्यानं रंगवून वर ‘आपले शहर, स्वच्छ शहर’. बगळ्यासकट स्वच्छ! मी रस्त्यातच रंगवणाऱ्याचा उद्धार सुरू केला. सुजाता मात्र खाली वाकून बघत होती. रंगवणारा बहुधा वाकायला कंटाळला असावा, घोषणेच्या खाली बगळ्याचा पाय तसाच राहिला होता.

बगळा गेला
घोषणेच्या खालती
पाय उभाच

भिंत माझी, बगळा माझा, रिक्षाचे हेलपाटे माझे... आणि हायकू तिचा. मी घरी जाईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलं असणार, कारण तिनं वाटेत मला न विचारता जिलेबी घेतली आणि माझ्या पिशवीत कोंबली. जिलेबी मी खाल्ली.

आता तो फिरणारा हायकू. सुजाताचं माहेर पालमचं. तिचा भाचा आजारी होता म्हणून ती भेटायला निघाली आणि एसटीत सोबत म्हणून मला घेतलं. तिच्या भावाचं घर जुनंच, पण दर वर्षी चुना लावलेलं, झकपक. फक्त दाराशेजारचा एक तुकडा तेवढा तसाच सोडलेला. आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर नवरानवरीची नावं रंगवून घेतात, हे वाचकांना माहीत आहेच. सुजाताच्या लग्नात गावातल्या पेंटरनं तिथे ‘मंगल परिणय’ लिहून खाली दोघांची नावं, दोन्ही बाजूंना कमळं काढली होती. तिच्या आईनं पुढे कधी त्या तुकड्यावर चुना येऊ दिला नाही. कुंचला त्याच्या कडेकडेनं फिरवायची. आई गेल्यावर भावजयीनं तेच चालू ठेवलं. इतक्या वर्षांचे चुन्याचे थर चढून बाकीची भिंत जाड झालेली, आणि तो तुकडा आत गेलेला, कोनाड्यासारखा. गंमत म्हणजे भाऊजींचं नाव लाल ऑइलपेंटमधलं, ते ठणठणीत. सुजाताचं नाव कसल्याशा निळ्या भुकटीत लिहिलेलं, ते पार उडालेलं. शेवटचा ‘ता’ तेवढा दिसायचा, तोही माहीत असेल तर.

भावजय चहा घेऊन बाहेर आली. "ताई, औंदा लावून घिऊ का चुना त्याच्यावर? नाव तर दिसंना झालंय." सुजाता म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. त्यांचं दिसायलंय की." मग चहाचा कप डाव्या हातात घेतला, उजव्या हाताचा अंगठा पेरांवर फिरला...

लग्नाची भिंत
नाव पुसत गेलं
लेक नांदते

भावजयीनं पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरले, आणि पोटातही दुखलं, दोन्ही एकदमच. मला त्या हायकूचा हेवा वाटला, तो तर झालाच. पण त्या भिंतीचाही वाटला. माझं लग्न मंगल कार्यालयात झालं. दाराशी पाटी होती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांची लागली. कुणी माझ्या नावाला वळसा घालून चुना लावलेला नाही. परतीच्या एसटीत सुजाता खिडकीशी डोकं टेकून झोपली आणि मी सगळा रस्ता त्या तीन ओळी घोळवत आले. त्यात एकही शब्द असा नव्हता जो मला येत नव्हता.

ती गेल्यावर शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मी लिहून आणलेलं भाषण पर्समध्येच राहिलं. मी पालमची गोष्ट सांगितली, भिंतीचं सांगितलं, आणि हा सुजाताचा हायकू म्हणून तो म्हटला. हॉल गप्प झाला. माझ्या हायकूनंतर लोक टाळ्या वाजवतात, अशी शांतता मला कधी मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल उघडला तर त्या तीन ओळी गुलाबाच्या चित्रावर, खाली माझं नाव आणि तो हळदीकुंकवातला फोटो. गोष्ट गेली, भिंत गेली, सुजाता गेली, उरले फक्त हायकू आणि मी. मंदा म्हणजे हायकू, हे गावात ठरलेलंच आहे ना!

मी ताबडतोब ग्रुपवर लिहिलं, "हा हायकू माझा नसून सुजाताचा आहे." उत्तरादाखल हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. "केवढा हा मोठेपणा!" कुणीतरी लिहिलं, "मैत्री असावी तर अशी." मी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. ते गहिवरून म्हणाले, "ताई, आपली रचना गेलेल्या मैत्रिणीच्या नावे करणं, याला काळीज लागतं." मी म्हटलं, "अहो, खरंच तिची आहे." ते म्हणाले, "गणिताच्या बाई त्या. आम्ही काय ओळखत नव्हतो? आणि एक सांगू का, रागावू नका. हा तुमचा आजवरचा सर्वांत चांगला हायकू आहे."

रागावू नका म्हणे! मी त्यांना पटवायला म्हैस म्हणून दाखवली, शटरचा साहेब म्हणून दाखवला, बगळा म्हटला. ते दर वेळी "वा, वा" करत गेले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे नवा संग्रह तयारच आहे की! कधी काढताय?" मी फोन ठेवला. मी जे जे तिचं म्हणून सांगत होते ते ते माझ्या खात्यावर जमा होत होतं. आयुष्यभर ज्या कौतुकासाठी जीव टाकला ते असं दारात येऊन बसलं, आणि पाकिटावर नाव माझं असलं तरी आतलं काहीच माझं नाही. सुजाता असती तर पोट धरून हसली असती. तिचाही राग आला. एक हायकू, फक्त एक, कुठे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिला असता तर काय बिघडलं असतं?

शेवटी मी भाऊजींकडे गेले. आपल्या बायकोचं ते तिला मिळावं, असं निदान त्यांना तरी वाटेल. उन्हं कलली होती. भाऊजी दाराच्या पायरीवर बसून मेथी निवडत होते. हे काम पूर्वी ते कधी करत नसत. मला बघून सरकले आणि शेजारी जागा केली. म्हणाले, "ताई, सभेला काई मला येववलं न्हाई, पर मोबाइलवर वाचलं मी. पालमच्या भिंतीवर लय भारी लिवलंय तुमी. तिथल्या वहिनीला फोनवर वाचून दावलं, लय रडली ती."

मी म्हटलं, "भाऊजी, ते माझं नाही. ते सुजातानं केलंय. वहिनींसमोरच केलंय, त्यांनाच विचारा."

"वहिनी म्हन्ली खरं, सुजाताताईच काईतरी बोलली म्हनून. पर मला वाटलं, तुमचंच म्हनून दावलं आसंल." ते मेथीची पानं खुडत राहिले. "तिचं कसं आसंल ताई? ती घरात सदा तुमचंच म्हनायची की."

"माझं? काय माझं?"

"हायकू तुमचे. कुकर लावताना, कपडे वाळू घालताना. तुमच्या पुस्तकातले बरेच पाठ होते तिला. ऐकून ऐकून मलाबी आलेत." आणि या सरळ माणसानं, ज्यानं उभ्या जन्मात कवितेचं पुस्तक हातात धरलं नसेल, मान जरा वर करून माझा एक हायकू म्हटला. माझ्या पहिल्या संग्रहातला, जो मला स्वतःला बघितल्याशिवाय आठवला नसता.

पायरीवर
सायंकाळचं ऊन
बसून गेलं

मी म्हटलं, "पुन्हा म्हणा." त्यांनी पुन्हा म्हटला. शेवट तसाच, "बसून गेलं."

माझ्या पुस्तकात ‘बसून राहे’ असं आहे. पंधरवडाभर घासून मी तो ‘राहे’ बसवला होता. ऊन पायरीवर बसून राहतं, ही माझी कल्पना होती आणि मला ती फार आवडली होती. पण ऊन काही राहत नाही. ते येतं, चार घटका बसतं, आणि घरच्यांच्या लक्षात येण्याआधी उठून जातं. पाहुण्यासारखं. सुजाताला हे दिसलं होतं. तिनं एक शब्द काढला, दुसरा ठेवला, आणि मला कधी बोलली नाही. वर हायकू माझाच म्हणून घरभर म्हणत राहिली.

मी भाऊजींना म्हटलं, "यातला शेवटचा शब्द तिचा आहे." ते हसले. "न्हाई वो ताई. दर बारीला तुमचं नाव घिऊनच म्हनायची. मंदीचा हाय, म्हनायची." मी वाद घातला नाही. त्यांच्यापुढची अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडत बसले. 

वाचकहो, तो लग्नाच्या भिंतीचा हायकू सुजाताचा आहे. म्हैस, साहेब, बगळा, स्टंप, सगळे तिचे. आणि पायरीचा हायकू माझा आहे, असं मी अजूनही म्हणते. आमच्याही दाराला पायरी आहे. दिवस कलला की तिच्यावर ऊन येतं, आणि हल्ली मी चहा घेऊन तिथे जाऊन बसते. माझा हायकू माझ्या शब्दांत म्हणायचा हट्ट मी रोज करून बघते. पहिल्या दोन ओळी ठीक येतात. तिसरीला ‘राहे’ म्हणायला तोंड उघडते... आणि ‘गेलं’ म्हणून बसते.